बालाघाटाचे सीताफळ आणि बाजाराचा कोनाडा

आश्विन लागला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगररांगेत, धारूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला हिरव्या पाल्यावर सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया दिसू लागतात. गिऱ्हाईक थांबले की त्या फळ उचलून खवल्यांमधल्या फटींवरून अंगठा फिरवितात आणि "डोळे उघडलेत बघा," एवढेच म्हणतात. खवल्यांमधली हिरवी रेघ फिकट पिवळसर झाली म्हणजे डोळा उघडला. असे फळ उतरविल्यावर तीन-चार दिवसांत पिकते आणि पिकल्यावर जेमतेम एखादा दिवस थांबते. शीतगृहाच्या कडक थंडीत ठेवावे तर साल काळवंडते, गर आटवावा तर कडवटतो. इतकी गोडी देऊन निसर्गाने ज्याला इतके अल्प आयुष्य दिले, त्याचा भाव मावळतीला व्यापारी सांगेल तोच ठरावा, ही गोष्ट मला फार वर्षे बोचत आली आहे.

वस्तुतः बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईस त्याचे स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे. परंतु सरकारदप्तरी नाव चढले म्हणजे गिऱ्हाईक दारात आले, असे होत नाही. ते गिऱ्हाईक हुडकण्याचे साधन आता आंतरजालाने दिले आहे. लहानशा, विशिष्ट गरजेच्या बाजारपेठेला इंग्रजीत 'निश' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा, आणि जुन्या वाड्यात वाढलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण कोनाड्यात पेटी मावत नसली तरी दिव्याची जागा तीच असते. क्रिस अँडरसन या अमेरिकेतील संपादकाने २००४ साली हाच विचार 'लाँग टेल' या नावाने मांडला: दुकानाच्या फळीला मर्यादा असते, म्हणून दुकानदार सर्वांना लागणारा मालच ठेवतो; आंतरजालाला फळीच नसल्याने मोजक्यांना हवी असलेली वस्तूही त्या मोजक्यांपर्यंत पोहोचते, आणि अशा मोजक्यांची बेरीज लहान नसते.

नुसत्या 'सीताफळ' या नावाने जाहिरात देणाऱ्याची गाठ अवघ्या महाराष्ट्राच्या मालाशी पडेल. बार्शी तालुक्यातील नवनाथ कसपटे यांचे 'गोल्डन' वाण आकाराने मोठे, बियांनी कमी आणि टिकण्यात सरस. त्याच्यापुढे डोंगरातले बियाळ फळ रूपाने हरणारच. परंतु 'बालाघाटचे डोंगरी सीताफळ' असे शब्द टाकून शोध घेणारा मनुष्य निराळा: पुण्यात किंवा मुंबईत स्थिरावलेला, बालपणीची चव विसरू न शकलेला बीडकर, अथवा आइस्क्रीम-रबडीसाठी गोठविलेला गर बारमाही मागणारा कारखानदार. कोणता शब्द कोणत्या महिन्यात अधिक शोधला जातो, हे 'गूगल ट्रेंड्स'वर विनामूल्य दिसते. अगदी विरळ शब्दांचा आलेख तेथे उमटत नाही, तेव्हा आपल्या गिऱ्हाइकांनाच विचारलेले बरे.

कोनाडा सापडला तरी नफ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पेटी, वाहतूक, वाटेत पिचकणारी फळे आणि एकेक गिऱ्हाईक मिळविण्यास पडणारा जाहिरातखर्च वजा जाता शिल्लक काय उरते, हे आधी दहाच पेट्या पाठवून पाहावे. तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामी आपणहून आले, तर जाहिरातीचा खर्च वाचतो आणि खरी कमाई तेथून सुरू होते. मानांकनाचे नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदही करावी लागते.

माझा जीव गुंतला आहे तो आगाऊ नोंदणीत. सीताफळाचा हंगाम संपतो न संपतो तोच बीडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि त्यासाठी मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, महिनोन्महिने आधीच घरात येऊन खर्चूनही गेलेली असते. श्रावणातच पुण्याच्या गिऱ्हाइकाने पेटीचे पैसे भरले, तर घाटातल्या बाईच्या हातातली तीही एक उचलच. फरक इतकाच की ती फेडायला गाव सोडावे लागत नाही, डोळे उघडलेली फळे मोजून पेटीत भरली की पुरे.