नारळ चालतो, आवाहन चालत नाही

मावळ लोकसभेत मोडणाऱ्या पनवेल विधानसभा मतदारसंघात उमेदवाराने प्रचाराचा नारळ देवळात फोडला, तर तेवढ्यानेच ते भ्रष्ट आचरण ठरत नाही. मात्र धर्म किंवा जात पाहून मत द्या, असं त्याने सांगितलं तर ते लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण ठरतं. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते.

हे कलम कसं लागतं, याचा मोठा धडा पनवेलपासून फार लांब नसलेल्या विलेपार्ल्याने दिला. तिथे १९८७च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदुत्वाच्या नावावर केलेली भाषणं न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेली निवडणूक सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९५ मध्ये रद्दच ठेवली. पुढे १९९९ मध्ये ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला.

गंमत अशी, की डिसेंबर १९९५ मधल्या त्याच निकालाच्या दिवशी शिवसेनेचे नेते मनोहर जोशी मात्र अशाच आरोपातून सुटले. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, हे त्यांचं वाक्य न्यायालयाला मतांची मागणी नव्हे, निव्वळ आशा वाटली. हा फरक मला आजही ताणलेला वाटतो.

मग कलम १२३(३) मधला ‘त्याचा धर्म’ म्हणजे फक्त उमेदवाराचा का? जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की मतदाराचाही.