पान गळते की झाड पान सोडते?

कोल्हापूरहून पश्चिमेकडे निघालेली एस. टी. सुमारे ५५ किलोमीटरांचे अंतर कापून गगनबावड्याला पोहोचते. येथे सह्याद्रीचा माथा संपतो. येथूनच करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली कोकणात उतरतात. शेजारीच गगनगड उभा आहे. पावसाळ्यात येथे आलात तर धुके आणि पाऊस यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. पण आज आपण माघ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास येथे उतरलो आहोत असे समजू.

ऊन स्वच्छ पडले आहे. उतारावरच्या कुंभ्याची पाने तांबडी झाली आहेत. ऐन आणि किंजळ यांच्या फांद्या विरळ होत चालल्या आहेत. पायवाटेवर पाऊल टाकताच पाचोळा कर्रकन वाजतो. वारा अगदी पडलेला आहे. तरीही समोरच्या झाडावरून एक पान सुटते, गिरक्या घेत खाली येते आणि बारीकसा आवाज करून इतर पानांत मिसळून जाते.

वारा नव्हता, कोणी फांदी हलवली नव्हती. मग पान पडले कसे?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय विशेष? पान वाळले म्हणून गळले!" उत्तर सोपे आहे खरे, पण ते बरोबर आहे का, हे आपण तपासून पाहू.

मांडवाचे टहाळे काय सांगतात?

लग्नाच्या मांडवाला आंब्याचे टहाळे बांधलेले तुम्ही पाहिले असतील. कार्य उरकल्यावर एखादा टहाळा तसाच राहून जातो. त्याची पाने वाळतात, तपकिरी होतात, कडकडीत होतात. पण गळत नाहीत. ओढून काढू गेलात तर पान फाटते, देठ मात्र फांदीला चिकटून राहतो. वादळात मोडून झाडावरच लोंबकळणाऱ्या फांदीचीही हीच गोष्ट. शेजारच्या जिवंत फांद्यांनी आपली पाने केव्हाच टाकलेली असतात. मेलेल्या फांदीवरची वाळकी पाने मात्र महिनोन्‌महिने तशीच असतात.

म्हणजे वाळणे आणि गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान सोडण्यासाठी फांदी जिवंत असावी लागते. पानगळ म्हणजे झाडाच्या हातून निसटलेली वस्तू नव्हे, तर झाडाने केलेले काम आहे.

देठाच्या बुडाशी चाललेले काम

हे काम होते कोठे? देठ जेथे फांदीला मिळतो तेथे. अनेक झाडांत पान कोवळे असतानाच या ठिकाणी लहान लहान पेशींचा एक पातळ थर तयार होतो. त्याला आपण विलगस्तर म्हणू. पान निरोगी असते तोवर त्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होऊन देठातून खाली येत राहते. ते येत आहे तोवर विलगस्तर स्वस्थ असतो. पान म्हातारे झाले किंवा पाण्याची टंचाई भासू लागली, की ऑक्झिनचा ओघ आटतो. मग एथिलीन या वायूचा प्रभाव सुरू होतो. विलगस्तरातील पेशी काही एन्झाइमे तयार करतात आणि ही एन्झाइमे पेशींना एकमेकींशी जोडणारा लुकणासारखा पदार्थ विरघळवून टाकतात. शेवटी पान केवळ जलवाहिन्यांच्या चार धाग्यांवर लटकत राहते. ते स्वतःच्या भारानेही तुटतात. वारा नसताना पान पडते ते असे!

हा एथिलीन तुमच्या घरातही असतो. अढीत घातलेले आंबे पिकतात ते त्यांच्यातूनच निघणाऱ्या एथिलीनमुळे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावर गॅसचे दिवे असत. गॅस गळत असेल तेथील झाडे अवेळीच पाने टाकत. त्या गॅसमधील एथिलीनचा वनस्पतींवर परिणाम होतो, हे नेल्युबॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवून दिले.

पान सोडण्यापूर्वी झाड आणखी एक काम करते. पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयोगी द्रव्ये ते फांदीत परत ओढून घेते. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा सुमारे निम्मा साठा अशा रीतीने परत येतो. हिरवा रंग गेला की आधीपासूनच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. कुंभ्यासारख्या झाडांत दिसणारा तांबडा रंग मात्र बहुधा नव्याने तयार होतो. पान गेल्यावर उरलेल्या जखमेवर बुचासारखा थर बसतो, त्यामुळे रोगजंतू आत शिरत नाहीत. सावरीच्या किंवा पपईच्या खोडावर भिंगातून पाहा. देठाची वाटोळी खूण आणि तीत तुटलेल्या वाहिन्यांचे ठिपके तुम्हांला स्पष्ट दिसतील.

एवढ्या पावसाच्या गावात टंचाई?

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. साचवून ठेवला तर दीड मजल्याहून उंच पाणी उभे राहील! मग येथील झाडांना पाण्याची टंचाई कशी?

पाऊस किती पडतो याबरोबरच तो केव्हा पडतो हेही पाहिले पाहिजे. येथील बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतार तीव्र असल्यामुळे पुष्कळसे पाणी लगेच वाहून जाते. पुढचे आठ महिने झाडाला जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढावे लागतात. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरील रंध्रांतून वाफ होऊन उडून जाते. ओल संपत आली असता सगळी पाने ठेवणे म्हणजे आटत्या विहिरीवर दहा मोटा चालू ठेवण्यासारखेच होय.

म्हणूनच आपली पानगळ आणि इंग्रजी पुस्तकांतील पानगळ यांच्या वेळा निरनिराळ्या आहेत. युरोपात ऑक्टोबरमध्ये दिवस लहान होऊन थंडी पडू लागते, तेव्हा झाडे पाने टाकतात. त्या वेळी आपल्याकडे शरद ऋतू असतो आणि गगनबावड्याचे रान हिरवेगार असते. आपल्याकडे पाने गळतात ती मुख्यतः शिशिरात, जमिनीतील ओल ओसरू लागल्यावर. ओढ्याकाठची जांभूळ, अंजनी ही झाडे मात्र हिरवीच राहतात. तीही पाने टाकतात. पण सगळी एकदम टाकत नाहीत.

तहानलेल्या झाडाचा आवाज

झाडाने पाने टाकली नाहीत तर काय होईल? याचे उत्तर शास्त्रज्ञांना चक्क कान देऊन ऐकता आले.

मुळापासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांतून पाण्याच्या सलग तारा गेलेल्या असतात. पानांतून वाफ जाते तसतशा त्या वर ओढल्या जातात. जमीन कोरडी पडली की ताण वाढतो आणि एका क्षणी तार तुटते. तेथे हवेचा बुडबुडा बनतो आणि ती वाहिनी निकामी होते. १९६६ साली मिलबर्न व जॉन्सन या शास्त्रज्ञांनी एरंडाच्या पानाला कंपने टिपणारे नाजूक उपकरण जोडले. पान सुकू लागताच त्यांना 'टिक्, टिक्' असे आवाज ऐकू आले. ते पाण्याच्या तारा तुटण्याचे आवाज होते!

पुढे २०२३ साली इस्राएलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटो व तंबाखूच्या रोपांजवळ ध्वनिग्राहक ठेवले. पाणी न दिलेल्या रोपांतून ताशी ३० ते ५० आवाज नोंदले गेले. पाणी दिलेल्या रोपांतून जेमतेम एखादा. हे आवाज श्राव्यातीत असतात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. हे आवाज त्याच्या पलीकडचे आहेत. मात्र हे झाडाचे रडणे आहे असे समजू नका बरे! फुटणारा बुडबुडा जसा वाजतो, तसाच हा प्रकार असावा.

पाने टाकणारे झाड पाण्याचा खर्च कमी करते आणि या तारा तुटण्यापासून वाचवते. पाने पुन्हा येतात. निकामी झालेल्या वाहिन्या पुन्हा कामाला लावणे मात्र फार अवघड असते.

पाचोळ्याचे पुढे काय होते?

झाडाने पान सोडले; पण रानाने ते सोडलेले नसते. पानात उरलेला निम्मा नायट्रोजन आणि कॅल्शियमसारखी खनिजे वाळवी, पैसा किडा, गांडुळे आणि बुरशी यांच्या हातून पुन्हा मातीत जातात. शिवाय जूनचा पहिला जोरदार पाऊस पाचोळ्यावर पडतो तेव्हा थेंबांचा मारा पाने झेलतात आणि पाणी हळूहळू मुरते. माती उघडी असेल तर ती पाण्याबरोबर निघून जाते. गगनबावड्याच्या परिसरातील पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत येते. तेव्हा डोंगरावरून सुटलेली माती कोठवर जाईल याचा विचार करा.

आणि नेमका हाच पाचोळा आपण जाळतो! मार्च-एप्रिलमध्ये एखादी काडी पडते आणि वणवा डोंगर चढत जातो. नायट्रोजन धुराबरोबर उडून जातो, किडे मरतात, राख पहिल्या पावसात वाहून जाते. शाळेच्या अंगणात झाडून पेटवलेला ढीग म्हणजे छोटा वणवाच. तोच ढीग एका खड्ड्यात टाकून अधूनमधून पाणी शिंपडलेत, तर काही महिन्यांत उत्तम खत मिळेल.

करून पाहा

१. कोलियसच्या (रंगीत पानांच्या) कुंडीतील एका पानाचे फक्त पाते कात्रीने कापा, देठ ठेवा. शेजारचे पान तसेच राहू द्या. थोड्याच दिवसांत बिनपात्याचा देठ आपोआप गळून पडेल. ऑक्झिनचा ओघ बंद झाल्याचा हा परिणाम.

२. दोन ताटांत सारखीच माती घाला. एका ताटातील माती पाचोळ्याने झाका. दोन्ही ताटे सारखीच तिरपी ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेले पाणी काचेच्या दोन पेल्यांत धरा आणि त्यांचे रंग ताडून पाहा.

३. शिशिरात एखाद्या झाडाखाली दहा मिनिटे डोळे मिटून बसा. जे जे ऐकू येईल ते वहीत लिहा. वाऱ्याने सरकलेले पान, सरड्याची सळसळ, चाळा करणारा पक्षी यांचे आवाज ओळखता येतात का ते पाहा. रानात जाल तेव्हा बरोबर मोठे माणूस असू द्या आणि पाचोळ्यात हात घालू नका. फुरसे पाचोळ्यात ओळखूही येत नाही.

चैत्र लागेल तेव्हा पुन्हा त्याच झाडाखाली या. जेथून पान सुटले होते, त्या खुणेच्या अगदी वरच्या बाजूला एक कोंब फुटलेला दिसेल. पुष्कळ झाडांत हा डोळा पान गळण्यापूर्वीच तेथे तयार असतो. झाडाने पान सोडले ते पुढच्या पानाची तजवीज करूनच!