पेशींचा शेजारधर्म

पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घिरट्या घालणारें चिलट गृहिणीला उपद्रवकारकच वाटावयाचें. जेमतेम ३ मिलिमीटर लांबीच्या या क्षुद्र जीवाला शास्त्रज्ञ फळमाशी म्हणतात. मज्जासंस्था कशी घडते, या गहन प्रश्नाचें एक महत्त्वाचें उत्तर याच माशीकडून मिळालें आहे.

माशीच्या अंड्यांतील गर्भाच्या पोटाकडील भागांत आरंभीं सर्व पेशी दिसावयास सारख्याच असतात. त्यांतील कोणतीही पेशी मज्जापेशींची जननी होऊं शकेल, अथवा त्वचेचा घटक होऊं शकेल. या पेशींचे लहान लहान पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्यांतील एकच पेशी मज्जापेशींची जननी म्हणून आंत सरकते. बाकीच्यांच्या वांट्यास त्वचेचें काम येतें. ही निवड करतें कोण? हुकूम सोडणारा अधिकारी तेथें कोणी नाहीं. शेजारच्या पेशीच ती आपसांत करितात.

या व्यवहाराचा सुगावा प्रथम पंखांवरून लागला. १९१४ सालीं अमेरिकेंत जॉन डेक्स्टर यांना कांहीं माश्यांच्या पंखांच्या कडेला खांच पडलेली आढळली. इंग्रजींत खांचेला ‘नॉच’ म्हणतात. तेंच नांव त्या जनुकास मिळालें. ज्या मादीजवळ या जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक निकामी असते, तिच्या पंखाला खांच पडते. परंतु दोन्ही प्रती नसल्या तर काय होतें? १९३० नंतरच्या दशकांत डोनाल्ड पौलसन यांनीं हें जनुक मुळींच नसलेले गर्भ तपासले, तेव्हां त्वचा व्हावयाच्या पेशीही मज्जापेशी होऊन बसलेल्या दिसल्या. मज्जापेशी उदंड, पण त्यांना झांकावयास त्वचा नाहीं! असा गर्भ अंड्यांतच मरतो.

याचा उलगडा पुढें १९८५ सालीं या जनुकाच्या रचनेचा क्रम वाचला गेल्यावर होऊं लागला. नॉच हें पेशीच्या आवरणांतून आरपार गेलेलें प्रथिन आहे. त्याचें बाहेरचें टोंक संदेश घेतें, म्हणून त्यास ग्राहक म्हणतात. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘डेल्टा’ नांवाचें दुसरें प्रथिन असतें. दोहोंची गांठ पडली कीं, नॉचचा आंतला भाग तुटून पेशीच्या केंद्रांत जातो आणि मज्जापेशी घडविणाऱ्या जनुकांना आवर घालण्याची व्यवस्था करतो. त्याबरोबरच त्या पेशीचें स्वतःचें डेल्टाही कमी होतें. अर्थात् आरंभीं एखाद्या पेशीजवळ डेल्टा किंचित् अधिक असलें, तर ती शेजाऱ्यांना दाबते. दबलेले शेजारी तिला उलट दाबूं शकत नाहींत. आणि केसाएवढा फरक वाढतां वाढतां निर्णायक होतो.

माशीच्या पाठीवरील राठ केस परस्परांपासून अंतर राखून उभे असतात, तेंही याच नियमामुळें. त्या प्रत्येक केसाच्या मुळाशीं स्पर्श जाणणारी मज्जापेशी असते.

मनुष्यदेहांत नॉचचीं ४ जनुकें आहेत. त्यांपैकीं एकाचा बिघाड १९९१ सालीं रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारांत आढळला. दुसऱ्या एकाच्या दोषामुळें मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार जडतो व मध्यम वयांतच पक्षाघाताचे झटके येतात, हें १९९६ सालीं सिद्ध झालें. माशीच्या पंखावरील खांचेचा अभ्यास असा रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोंचला.

मज्जापेशी होण्याची पात्रता अनेकींच्या अंगीं असते. पण त्यांतील बहुतेकींनीं शेजारणीचा संदेश ऐकून ती सोडून द्यावी लागते. तो संदेश घेणारा ग्राहकच नसेल, तर देह उभा राहत नाहीं.