फ्रेदेरिक बाक यांची रेषा

ॲनिमेशन-चित्रपटात रेखाटन व रंगभरण बहुधा निरनिराळ्या हातांकडे जाते. त्यामुळे मूळ चित्रकाराची रेषा लोप पावते. फ्रेदेरिक बाक (१९२४–२०१३) यांनी ती जपली. १९४८ मध्ये ते कॅनडास गेले व १९५२ पासून रेडिओ-कॅनडाच्या दूरचित्रवाणीसाठी चित्रे काढू लागले. पुढे लघुपटांसाठी ते खरखरीत, अर्धपारदर्शक ॲसिटेटवर रंगीत पेन्सिलीने रेखाटीत. 'क्राक!' (१९८१) या लघुपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले; परंतु त्याच कामी, चित्रे पक्की करणाऱ्या रासायनिक फवाऱ्यामुळे, त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तरीही झां जिओनो यांच्या कथेवरील 'झाडे लावणारा माणूस' (१९८७) हा अर्ध्या तासाचा चित्रपट त्यांनी एका सहायिकेसह सुमारे पाच वर्षे खपून पुरा केला. त्यासही ऑस्कर लाभले. ओसाड माळावर एकट्याने ओकाची बीजे पेरणारा कथेतील मेंढपाळ आणि एकेक चित्र रेखाटणारा हा कलावंत यांची साधना एकाच जातीची होती.