उन्हाळी सुट्टीत स्पॅनिश शिकण्यासाठी मालागाला : माधवनगरच्या कुटुंबांनी करावयाची पूर्वतयारी

सांगलीलगतच्या माधवनगरसारख्या गावातील तरुण-तरुणी आज जर्मन, जपानी, फ्रेंच यांबरोबर स्पॅनिश भाषेकडेही वळत आहेत. वीस देशांची अधिकृत भाषा असलेली, पर्यटन, भाषांतर आणि ग्राहकसेवा या क्षेत्रांत उपयोगी पडणारी ही भाषा शिकावी, आणि ती तिच्या देशात जाऊन शिकावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत दोन ते चार आठवड्यांचे वर्ग चालतात. अशा प्रवासावर मध्यमवर्गीय कुटुंबाची काही वर्षांची शिल्लक खर्ची पडू शकते. म्हणून तो कोणी करावा, केव्हा करावा आणि निघण्यापूर्वी घरी काय करावे, याची माहिती येथे आम्ही देत आहोत.

चार आठवड्यांत काय साधते?

स्पेनमधील बहुतेक भाषाशाळांत सामूहिक वर्गाच्या आठवड्याला साधारणतः २० तासिका असतात. म्हणजे चार आठवड्यांत ८० तासिका. अक्षरोच्चार, आकडे, वारांची नावे आणि वर्तमानकाळाची क्रियापदरूपे शिकण्यातच यांतील निम्म्या तासिका गेल्या, तर समुद्र ओलांडून जाण्याचे प्रयोजन उरत नाही. हा भाग पुण्यात किंवा घरबसल्या संगणकावर शिकता येतो. स्पेन शासनाच्या इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत असून तिचे ऑनलाइन वर्गही आहेत.

युरोपीय भाषामापनानुसार अ-१ ते क-२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. आमचे स्पष्ट मत असे, की अ-१ ही पायरी पूर्ण करून अ-२ सुरू केल्याशिवाय तिकीट काढू नये. तेवढी तयारी असली, की दुकानदाराचे बोलणे, बसमधील सूचना, शेजारणीची चौकशी यांतले काही ना काही कानांना कळू लागते आणि प्रत्येक दिवस शिकवणीचा होतो.

मराठी माणसाची जमेची बाजू

आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून शिकवली जाते. वस्तुतः अनेक ठिकाणी मराठीचाच आधार अधिक चांगला आहे. ‘मला संत्रे आवडते’ आणि ‘मला संत्री आवडतात’ या वाक्यांत क्रियापद संत्र्याप्रमाणे बदलते, ‘मला’ तसेच राहते. स्पॅनिशमध्ये नेमके हेच घडते : ‘मे गुस्ता ला नारान्खा’ आणि ‘मे गुस्तान लास नारान्खास’. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. मराठीतून विचार करणाऱ्यास काही नवे शिकावे लागत नाही. ‘नारान्खा’ हा शब्दही संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीमार्गे स्पेनला पोचून तयार झालेला आहे.

उच्चारांतही तसेच. आपले दंत्य ‘त’ व ‘द’, श्वास न सोडता उच्चारलेले ‘प’ व ‘क’ आणि खणखणीत ‘र’ स्पॅनिशला जवळचे आहेत. विशेषणे लिंगवचनानुसार बदलण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. शिवाय पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्या बोलण्यात आलेले साबण, चावी, पाद्री, क्रूस, मिस्सा हे शब्द स्पॅनिशमध्ये खाबोन, यावे, पाद्रे, क्रुथ, मिसा या रूपांत भेटतात.

अडचणीची स्थळेही आहेत. आपल्या एका ‘आहे’साठी तेथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे आहेत. ‘तो डॉक्टर आहे’ यात पहिले, ‘तो आजारी आहे’ यात दुसरे. दुसरी अडचण संकोचाची. स्पॅनिशमध्येही ‘तू’ म्हणजे तूच, आणि आदरार्थी शब्द ‘उस्तेद’. परंतु स्पेनमध्ये घरमालकीण आजीबाई वयाची असली तरी ती स्वतःच ‘मला तू म्हण’ असे सुचवते. आपल्या मुलामुलींना ते जड जाते. तेथे तो अनादर समजला जात नाही, हे त्यांना आधीच सांगावे.

शहर कोणते निवडावे?

बार्सिलोना हे नाव सर्वांना ठाऊक असते. मात्र तेथे स्पॅनिशबरोबर कातालान, वालेन्सियात वालेन्सियन आणि सान सेबास्तियानमध्ये बास्क भाषा अधिकृत आहे. पणजीत मराठी शिकायला गेलेल्याच्या कानांवर कोकणीही पडावी, तसेच हे. ही शहरे वर्ज्य नव्हेत. पण जेमतेम तीन आठवडे हाती असताना रस्त्यावरील पाट्या व बोलणे एकाच भाषेत असलेले बरे.

उत्तरेकडील सान्तान्देर येथे हवा थंड, उच्चार स्पष्ट, आणि तेथील मेनेन्देस पेलायो आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची उन्हाळी वर्गांची परंपरा १९३२ पासूनची आहे. दक्षिणेकडील मालागा हे चित्रकार पिकासो यांचे जन्मगाव (१८८१). येथे विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे वर्ग आहेत, खासगी शाळा पुष्कळ आहेत, आणि विमानतळावरून लोकल गाडीने थेट शहरात येता येते. मात्र अंदालुसिया प्रांतातील लोक शब्दाअखेरचा ‘स’ बहुधा गिळतात. पहिले काही दिवस त्याने गोंधळ उडतो. जाण्याआधी त्या भागातील आकाशवाणी ऐकण्याचा सराव ठेवल्यास कान लवकर सरावतात.

सुट्टीचा मेळ

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत, तर स्पेनचा उन्हाळा जून ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे गर्दी सर्वाधिक आणि भाडी चढी असतात. मालागात कधी कधी ‘तेर्राल’ नावाचा उष्ण कोरडा वारा सुटतो, आणि ऑगस्टच्या मध्यावर तर शहराची मोठी जत्रा भरते. मे महिना आपल्या विद्यार्थ्यांना सर्वार्थाने सोयीचा आहे. हवा सौम्य, वर्गात विद्यार्थी कमी. फक्त विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा आधी पाहाव्यात. नोकरदारांना जुलैतच रजा मिळणार असेल, तर १६ जुलैचा कार्मेल माऊलीचा सण गाठावा. त्या दिवशी मालागाच्या कोळी वस्त्यांतून माऊलीची मूर्ती मिरवणुकीने समुद्रावर नेतात.

शाळा आणि निवास

शाळेला इन्स्तितुतो सेर्व्हान्तेसची मान्यता आहे काय, एका वर्गात कमाल किती विद्यार्थी असतात, पातळी ठरवण्यासाठी पूर्वचाचणी घेतात काय, आणि व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळते काय, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. शाळेचे उपस्थितीपत्र आणि भाषेच्या पातळीचा दाखला या वेगळ्या गोष्टी आहेत. पातळीसाठी ‘देले’ ही परीक्षा असून तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. ‘सिएले’चे प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य असते.

निवासासाठी स्थानिक कुटुंबात राहणे आम्हांस श्रेयस्कर वाटते, कारण जेवणाच्या टेबलावर रोजचा तासभर संवाद घडतो. तेथे दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊनंतर असते. शाकाहारी व्यक्तीने ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही. मासे व डुकराचे मांसही नको, असे स्वतंत्र सांगावे. मासे खाणाऱ्यांनी मात्र किनाऱ्यावर काडीला टोचून विस्तवावर भाजलेल्या तारल्या अवश्य चाखाव्यात.

व्हिसा

नव्वद दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी शेंगेन अल्पकालीन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील स्पेनच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि ते बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रात स्वीकारले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयास सामान्यतः १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. शाळेचे प्रवेशपत्र, निवासाचा पुरावा, बँकेची विवरणपत्रे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्यविमा जोडावा लागतो. परतीच्या तारखेनंतर पारपत्र आणखी किमान तीन महिने वैध असावे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. व्हिसा नाकारल्यास व्हिसाशुल्क परत मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईवडिलांचे संमतिपत्र लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर आगमन-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे मुक्कामाचे दिवस काटेकोर मोजावेत.

येथे पालकांना एक इशारा देणे आम्ही आवश्यक मानतो. या व्हिसावर स्पेनमध्ये नोकरी करता येत नाही. ‘भाषावर्गाच्या निमित्ताने पाठवतो, तिकडे काम लावून देतो’ असे कोणी सांगून पैसे मागत असेल, तर तो मुलाला बेकायदेशीर वास्तव्याच्या संकटात लोटत आहे, असे खुशाल समजावे.

तेथील दिवसाचा उपयोग

सकाळचे वर्ग संपल्यावर भारतीय मित्रांच्या घोळक्यात राहिल्यास प्रवास व्यर्थ जातो. रोज एक काम स्वतः बोलून करावे : बाजारात फळे घेणे, टपाल कचेरीत चौकशी, ग्रंथालयात वर्तमानपत्र. आपल्या लोकांना आणखी एक सोय आहे. रविवारची मिस्सा. उपासनेचा क्रम आपल्याला तोंडपाठ असल्याने याजक आता काय म्हणत आहेत, हे शब्द ओळखीचे नसतानाही समजते, आणि प्रभूची प्रार्थना स्पॅनिशमध्ये पाठ करून नेली तर पहिल्याच रविवारी सर्वांसोबत म्हणता येते. दुसरा बुरुज अपुरा राहिल्यामुळे ‘एकहाती’ या अर्थाचे टोपणनाव मिळालेले मालागाचे कॅथेड्रल त्यासाठी गाठता येईल. त्याहून वस्तीतील लहान चर्च बरे, कारण मिस्सेनंतर दारात थांबून लोक बोलतात. घरी फोन करताना उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हे ध्यानात ठेवावे.

वेळापत्रक

पुढील मे महिन्यात जावयाचे असल्यास आदल्या जुलैत भाषेचा वर्ग सुरू करावा, डिसेंबरात स्वतःची परीक्षा पाहावी, जानेवारीत शाळा ठरवावी आणि फेब्रुवारीत व्हिसाचा अर्ज द्यावा. मार्च-एप्रिलमध्ये केंद्रांवर गर्दी असते. मालागाला मुंबईहून थेट विमान नाही, वाटेत विमान बदलावे लागते. सांगली किंवा मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघणाऱ्यांनी उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचावे. डिसेंबरात अ-१ची तयारी झालेली नसेल, तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलावा. पैसे बँकेत राहतील, आणि पुढच्या वर्षी त्याच चार आठवड्यांत मुलगा किंवा मुलगी कितीतरी अधिक शिकून येईल.