घाटाखालचे पाळकसाहेब

रेव्हरंड टिळकांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. लहानपणी त्यांच्या कविता आपण पाठ केलेल्या असतात. मोठेपणी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पोट धरून हसलेले आणि मग एकाएकी गप्प झालेले असतो. पण ‘रेव्हरंड’ म्हणजे सोमवार ते शनिवार नेमके काय करणारा माणूस, असे कुणी विचारले तर? मी गेली वीसएक वर्षे ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो आहे. एका विद्यार्थिनीने वर्गात हाच प्रश्न विचारला, तेव्हा “लग्ने लावतात, प्रवचने करतात,” असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. मुलगी सुस्वभावी, तिने मान डोलावली.

गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता खामगावला व्याख्यानाचे बोलावणे आले. विषय अर्थातच टिळक पतिपत्नी. जलंबला गाडी बदलून मी खामगावला उतरलो. हा इवलासा फाटा १८७० साली वऱ्हाडच्या कापसासाठी घातला गेला. त्या काळी खामगावच्या कापसाचे नाव थेट विलायतेच्या बाजारात होते. व्याख्यान बरे झाले. टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली आणि चहाच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. पन्नाशीचे असावेत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, हातात हेल्मेट.

“सर, छान बोललात. पण ‘देवाच्या दरबारा’चं दोन वाक्यांत आटोपलंत.”

मी जरा चपापलो. खरेच आटोपले होते. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली, ख्रिस्ती झाल्या, दरम्यानच्या काळात एकाच संसारात सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी चालले, हे सारे मी रंगवून सांगितले होते. टिळकांचे कवित्व, त्यांच्या घरात राहिलेले बालकवी, ‘ज्ञानोदया’चे संपादन, सगळे सांगितले. पण १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, ही गोष्ट मी घड्याळाकडे पाहत उरकली होती.

“तुम्ही टिळकांचे अभ्यासक दिसता,” मी म्हटले.

“नाही सर. मी पाळक आहे. इथून पुढं तालुक्याच्या गावी आमची लहानशी मंडळी आहे. परवा रविवारी आमचा कापणीचा सण आहे. या की.”

विद्यार्थिनीचा प्रश्न आठवला. परतीचे तिकीट मी बदलून घेतले.

या पाळकसाहेबांचे नाव मी येथे देत नाही. “नाव नको, गाव नको, आमची मंडळी लहान आहे, कुणाचंही बोललं तरी सगळ्यांना कळतं,” असे त्यांनीच बजावले. बुलढाणा जिल्ह्यातले लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. हे गाव घाटाखालचे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

रविवारी सकाळी एस. टी.ने गेलो. पत्र्याच्या छपराची साधी इमारत, अंगणात कडुनिंब आणि लोखंडी चौकटीला टांगलेली एक घंटा. पुढच्या बाकांपाशी ज्वारीची पोती, सोयाबीनच्या थैल्या, कापसाचे बोचके, वांगी, मेथीच्या जुड्या, दोन कोंबड्या आणि एक कोहळे. कोहळे म्हणजे आपल्याकडचा लाल भोपळा. वऱ्हाडात त्याला कोहळे म्हणतात. प्रार्थना झाली, पेटी-तबल्यावर गाणी झाली. टिळकांची पदे ओळखू आली, तेव्हा आपल्या माणसांत असल्यासारखे वाटले. प्रवचन वीस मिनिटांचे, आणि मौज अशी की त्याचा बाज अस्सल कीर्तनाचा होता. पूर्वरंग, दृष्टांत, मध्येच एखादे पद. नंतर मी तसे म्हटले, तेव्हा पाळकसाहेब हसले. “शेगाव इथून लांब नाही. लहानपणी मित्रांबरोबर कीर्तनं ऐकायला जायचो. आणि कीर्तन आमच्याकडं टिळकांनीही आणलंच होतं की.”

उपासना संपल्यावर लिलाव सुरू झाला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पहिल्या पिकातले काहीतरी प्रत्येकाने आणायचे, त्याचा लिलाव करायचा आणि पैसे मंडळीच्या निधीत घालायचे. ज्वारी, वांगी भराभर गेली. कोहळ्यापाशी मात्र गंमत झाली. ज्याने ते घेतले त्याने पैसे देऊन ते परत ठेवले, “पुन्हा बोला.” दुसऱ्यानेही तेच केले. तिसऱ्यांदा पुढच्या बाकावरचे एक उंच, करडे गृहस्थ उठले आणि ज्वारीच्या पोत्याला आला नव्हता असा आकडा बोलले. कुणी वर बोलले नाही. त्यांनी कोहळे उचलले, शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले, तिथे एकट्या बसलेल्या नऊवारीतल्या बाईंच्या शेजारी ते ठेवले आणि एक शब्दही न बोलता परत येऊन बसले.

“पाहिलंत ना?” पाळकसाहेब माझ्या कानाशी म्हणाले. मी पाहिले होते, पण मला काही कळले नव्हते.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. बाई जवळच्या शाळेत शिकवतात, आणि घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालते, हे पाळकसाहेबांनी स्वतःच सांगितले. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन ‘अलायन्स’ मिशन आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मुलूख उजाड झाला, तेव्हा पोरक्या मुलांसाठी त्यांनी आश्रय उघडले. पुढे अकोल्याला मुलांची आणि खामगावला मुलींची शाळा चालली. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत परदेशी मंडळी परतली. आता पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीतून, आणि मंडळी म्हणजे चाळीसेक घरे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या वर गेली होती. त्यात हे लोक मिठाएवढेही नाहीत.

“माझी पणजी त्या दुष्काळातली,” ते म्हणाले. “वय पाच-सहा. आपलं गाव तिला सांगता यायचं नाही. एक चिंचेचं झाड आणि पुढं नाल्याकडं जाणारा उतार, एवढंच आठवायचं. जात ठाऊक नाही, आडनाव नाही. लोक मला विचारतात, तुम्ही मूळचे कोण? मी म्हणतो, चिंचेच्या झाडाखालचे.”

हे सांगताना ते हसत होते. मला मात्र हसता आले नाही.

मग मी विद्यार्थिनीचा प्रश्न विचारला. पाळक सोमवार ते शनिवार करतो काय?

“प्रवचन हा सगळ्यात सोपा भाग. ते काय, तयारी केली की होतं. सोमवारी कुणाच्या दारात जायचं, हे अवघड. दवाखान्यात कोण आहे, कुणाच्या पोराची फी भरायची राहिली, कोण दारूच्या गुत्त्यावर दिसला. आणि भांडणं! सर, माझी निम्मी सेवा भांडणांत गेली. आवारातल्या नळावरून दोन घरं चार वर्षं बोलत नव्हती. आमच्यात महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूनं सांगितलंय की भावाचं तुझ्याशी वाकडं असेल, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. हे वाचून दाखवायचं आणि भाकरीचं ताट पुढं करायचं. लोक खाली बघत घेतात. मला वाटायचं, हे असं कसं करू शकतात? आता वाटत नाही. आता मीच तसं करतो.”

आणि मग शेवटच्या बाकाची गोष्ट निघाली.

गावात एक सायकल दुरुस्त करणारा होता. चर्चच्या फाटकाची बिजागरी बसवायला आला, काम संपेपर्यंत उपासना सुरू झाली, म्हणून मागे बसला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्यानंतर नऊ वर्षे तो येत राहिला, नेहमी शेवटच्या बाकावर. गाणी पाठ झाली. प्रार्थनेत डोळे मिटायचा. पण बाप्तिस्मा घेतला नाही. प्रभुभोजनाची वेळ आली की हळूच उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचा आणि शेवटच्या गाण्याला परत यायचा. आत थांबायला त्याला कुणी मनाई केली नव्हती. उठायचे त्याने आपले आपण ठरवले होते.

“तुम्ही कधी विचारलं नाही?”

“एकदा. म्हणाला, ‘घरच्याईचं मन मोडत नाही जी.’ भाऊ होते, त्यांच्या पोरी लग्नाच्या होत्या. मुलगी शिकत होती, तिला शिष्यवृत्ती होती.” ते थांबले. वाचकांना ठाऊक असेल, अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतात. ख्रिस्ती झालेल्याला त्या मिळत नाहीत. “तेच कारण होतं का, मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. माणसाच्या ताटात काय आहे, ते न बघता त्याला उपास करायला सांगू नये.”

दोन वर्षांपूर्वी तो सायकलवाला अचानक गेला. हृदयविकार. भावांनी त्यांच्या रीतीप्रमाणे स्मशानात न्यायची तयारी केली. त्यात पाळकांना काही म्हणायचे नव्हते. प्रश्न निघाला तो घंटेचा. मंडळीतले माणूस गेले की त्याच्या वयाइतके टोले द्यायचे, अशी इथली जुनी रीत. मंडळीतल्या वडीलधाऱ्या पंचांनी सांगितले, घंटा सभासदांची आहे. हा सभासद नव्हता. तेच ते पुढच्या बाकावरचे उंच गृहस्थ. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने विहीर बंद केली होती. त्यांचे म्हणणे पाळकांनी मला प्रामाणिकपणे सांगितले: “त्यांनी किंमत मोजलीय, सर. विहिरीची, नात्यांची. जो पायरीवर बसून राहिला त्याला तेच टोले, मग आमच्या आजोबांनी काय मिळवलं? हे म्हणणं खोटं नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मीच दोर ओढला. त्रेपन्न टोले. अंत्ययात्रा फाटकासमोरून चालली होती.”

त्या दिवसापासून पंच त्यांच्याशी बोललेले नाहीत. दर रविवारी येतात, पहिल्या बाकावर बसतात, आपला दशांश पाकिटात घालून टाकतात. मंडळीत सर्वांत मोठे पाकीट तेच, म्हणजे पाळकांच्या पगाराचा बराच भाग तोच. आणि महिन्यातून एकदा पाळक त्यांच्यापुढे भाकरीचे ताट धरतात. दोघेही खाली बघतात.

येथे मला टिळकांचा दरबार नीट आठवला, व्याख्यानात नव्हता आठवला तसा. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ. ज्यांना येशू हवा आहे पण घर-जात-गोत सोडवत नाही, त्यांनाही एकाच बैठकीवर जागा द्यायची, हे टिळकांचे धाडस. मिशनमधल्या अनेकांना ते रुचले नाही. त्यांच्या बाजूनेही बोलायला जागा होती, हे आम्ही टिळकभक्त सहसा सांगत नाही. दरबार धड दोन वर्षेही चालतो न चालतो, तोच ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. अस्थी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेल्या. पायरीवर बसणाऱ्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर देण्याइतका वेळ त्यांना मिळालाच नाही.

मी हे बोलून दाखवले. म्हटले, “टिळक तुमच्या बाजूचे.”

“असतील. पण सर, मला झोप लागत नाही ती पंचांमुळं नाही.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “नऊ वर्षं त्यानं एक गोष्ट बोलायची टाळली. ‘मी तुमचा’ हे तो म्हणाला नाही. त्याची काही कारणं असतील, ती त्याची. आणि तो गेल्यावर, त्याला नाही म्हणता येत नव्हतं तेव्हा, मी साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ते म्हणून टाकलं. त्रेपन्न वेळा. त्याचे भाऊ रागावले असते तर? मुलीला त्रास झाला असता तर? मी त्याच्यासाठी वाजवली की माझ्यासाठी?”

“भाऊ काही म्हणाले?”

“थोरला आला होता तेराव्यानंतर. म्हणाला, घंटा कशापायी वाजवली? म्हटलं, तुमच्या भावासाठी. तो उभा राहिला जरा वेळ. मग म्हणाला, फाटकाची बिजागरी ढिली झालीय, पाठवतो पोराला. गेला.”

ती नऊवारीतली बाई म्हणजे त्याची पत्नी. बाप्तिस्मा तिनेही घेतलेला नाही. दर सणाला परसातले एक कोहळे आणते, त्याच बाकावर बसते आणि प्रभुभोजनाला बाहेर जाऊन बसते. गेल्या वर्षी कोहळे कुणीतरी दहा रुपयांना नेले होते.

“मग आज पंचांनी जे केलं,” मी म्हटले, “तो समेटच नाही का?”

“तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुम्हाला शेवट गोड लागतो,” पाळकसाहेब म्हणाले. “त्यांनी तिला दिलं. माझ्याकडं बघितलं नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, बघू.”

संध्याकाळच्या गाडीला ते मला फटफटीवरून स्टँडवर पोहोचवायला आले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी पाय टेकून मागे वळून ते लावले. बिजागरी कुरकुरली नाही. स्टँडवर खामगावची गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसलो, तर खालून ते विचारत होते, टिळकांच्या दरबाराची हकीकत सविस्तर कुठे वाचायला मिळेल. मी दोन पुस्तकांची नावे सांगितली. त्यांनी खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढून तळहातावर लिहून घेतली.