झाकण बंद, काम चालू : लॅपटॉप मिटून मॉनिटरवर काम करताना

आजचा भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लोकलमध्ये, पीएमटीत किंवा स्वयंपाक करता करता ऐकला असेल. सेटिंगची नावं अशा वेळी लक्षात राहत नाहीत, म्हणून हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त थोडा नीट लावून घेतलाय.

विषय साधा आहे. टेबलावर मोठा मॉनिटर आहे, वेगळा कीबोर्ड-माऊस आहे आणि लॅपटॉप बाजूला चक्क मिटून ठेवलाय. तरी काम चालू. याला क्लॅमशेल मोड म्हणतात. क्लॅमशेल म्हणजे शिंपला. शिंपला मिटलेला, पण आतला जीव जागा.

पण हे करावंच का? लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. हात नीट ठेवले तर मान खाली वाकते, आणि मान सरळ ठेवायला लॅपटॉप उंच केला तर हात अधांतरी राहतात. दिवसाचे आठ-नऊ तास असं बसलात की संध्याकाळी मान बोलायला लागते. वेगळा मॉनिटर घेतला की त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवता येते आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीवर येतो. शिवाय छोट्या फ्लॅटमध्ये टेबल असतं केवढंसं! लॅपटॉप मिटला की वही आणि चहाचा कप ठेवायला जागा होते.

झाकण मिटलं हे लॅपटॉपला कसं कळतं?

बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. त्याला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक जवळ आलं की सेन्सर सांगतो, 'झाकण बंद झालं.' कधीकधी चुंबकी पट्ट्याचं घड्याळ घातलेला हात कीबोर्डच्या कडेला टेकवला की स्क्रीन अचानक काळी होते, त्यामागे हेच कारण असतं.

सेन्सर फक्त बातमी देतो. पुढे काय करायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि तिला कंपनीने शिकवून ठेवलेलं असतं : झाकण बंद म्हणजे झोप. आपल्याला बदलायचाय तो हा आदेश.

विंडोज असेल तर

कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात पॉवर ऑप्शन्स. डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' असं लिहिलेलं दिसेल. तिथे दोन रकाने आहेत : 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. झाकणाच्या ओळीत 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' निवडा. 'ऑन बॅटरी'खाली मात्र 'स्लीप'च राहू द्या. मग 'सेव्ह चेंजेस'.

दोन्हीकडे 'डू नथिंग' करायचा मोह होतो. करू नका. का, ते शेवटी सांगतो, कारण या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आता विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडलंत की चित्र फक्त मॉनिटरवर येईल. दोन मॉनिटर असतील तर 'एक्स्टेंड' घ्या.

मॅक असेल तर

मॅकमध्ये सेटिंग शोधायचीच गरज नाही. चार्जर जोडलेला हवा, मॉनिटर जोडलेला हवा, बाहेरचा कीबोर्ड आणि माऊस हवा. एवढं असेल तर झाकण मिटा. मॉनिटर क्षणभर काळा होऊन परत येतो. नाही आला तर कीबोर्डचं एखादं बटण दाबा.

मॅकबुक एअर वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. एम१ आणि एम२ चिपचं एअर स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं. मार्च २०२४ मध्ये एम३ चिपचं एअर आलं, ते दोन मॉनिटर चालवतं, पण झाकण बंद असेल तरच. कारण चिप एका वेळी दोनच पडदे सांभाळू शकते, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा हा त्यातला एक. तो मिटला की त्याची जागा दुसऱ्या मॉनिटरला मिळते. मार्च २०२५ च्या एम४ एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन मॉनिटर चालतात. म्हणजे सेकंडहँड एअर घेताना 'दोन मॉनिटर चालतील ना?' या प्रश्नाचं उत्तर चिपच्या नंबरावर ठरतं. दुकानदाराच्या 'हो हो, सगळं चालतं'वर जाऊ नका.

लिनक्सवाल्यांची बहुतेक वेळा काळजी मिटलेली असते. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर, बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटलं तर दुर्लक्ष करायचं, असाच मूळ नियम असतो. तुमच्या डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगने तो बदललेला नाही ना, एवढं बघा.

एकच केबल पुरते, पण पोर्ट बघून

टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चित्र येतंच, असं नाही. पोर्टचा आकार सारखा असतो, पण काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंग करतात, काही चित्रही पाठवतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र येईल. खूण नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलची माहिती वाचा. फोनच्या डब्यातली टाइप-सी केबलही बहुतेक वेळा चार्जिंगपुरतीच असते, तिच्यातून मॉनिटर चालत नाही.

मॉनिटरला टाइप-सी असेल तर चित्र आणि चार्जिंग एकाच केबलमधून होतं. फक्त वॅट जुळवा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा आणि मॉनिटर तेवढे देत असेल तर छान. गेमिंग लॅपटॉपला मात्र ते पुरत नाहीत, त्याचा मूळ चार्जर वेगळा लावावाच लागतो.

फोर-के मॉनिटर घेतलात आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतोय? अशा वेळी लोक लॅपटॉपला दोष देतात. आधी अडॅप्टर बघा. जुनं एचडीएमआय १.४ फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकतं. ६० साठी एचडीएमआय २.० लागतं, आणि तेही लॅपटॉप, अडॅप्टर, मॉनिटर या तिन्ही ठिकाणी. साखळीतला सगळ्यात कमजोर दुवा वेग ठरवतो.

उष्णता कुठे जाणार?

आता आपल्याकडच्या खऱ्या अडचणीवर येतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा खालून आत जाते आणि बिजागरीच्या बाजूने बाहेर पडते. काही उष्णता कीबोर्डमधूनही वर निघते. झाकण मिटलं की ही वरची वाट बंद होते. एक्सेल, ब्राउझर, कोड लिहिणं एवढ्या कामाला फरक पडत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम असेल तर पंख्याचा आवाज वाढतो आणि चिप स्वतःचा वेग कमी करते. मॅकबुक एअरमध्ये तर एम१ पासून पंखाच नाही.

ॲपलने मॅकबुकसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश असावं असं सांगितलंय. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा कूलर नसलेल्या खोलीत हे ३५ कधीच मागे पडलेले असतात. अशा दिवसांत दुपारी जड काम असेल तर झाकण उघडंच ठेवा. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा कागदांच्या ढिगाखाली ठेवू नका. उभा स्टँड जागा वाचवतो, पण आपल्या लॅपटॉपच्या जाळ्या कुठे आहेत ते बघून घ्या. स्टँडच्या खाचेत जाळी दबली तर उपयोगापेक्षा त्रास जास्त.

बॅटरी : दिसत नाही तिचीच काळजी

टेबलावरचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो. लिथियम आयन बॅटरीला दोन गोष्टी लवकर म्हातारं करतात : कायम १०० टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. मिटलेल्या लॅपटॉपला दोन्ही एकदम मिळतात. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असेल तर चालू करा. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये ती कन्झर्व्हेशन मोड नावाने असते, असुसच्या मायअसुसमध्ये बॅटरी केअर म्हणून, आणि डेल, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्ये.

आणि आठवड्यातून एकदा लॅपटॉप उघडून बघा. बॅटरी फुगायला लागली तर टचपॅड वर उचलल्यासारखं दिसतं, झाकण नीट बसत नाही किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो. रोज उघडणाऱ्याला हे लगेच कळतं. महिनोन्‌महिने मिटून ठेवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. असं काही दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बघू नका आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

मीटिंग, बोटाचा ठसा आणि लाईट

झाकणाबरोबर कॅमेराही मिटतो. रोज व्हिडिओ कॉल असतील तर वेगळा वेबकॅम लागेल. अलीकडच्या मॅकबुकमध्ये झाकण बंद असताना आतला माईक हार्डवेअरनेच तोडलेला असतो. खासगीपणासाठी ही चांगली गोष्ट, पण 'माझा आवाज येतोय का?' असं दहा वेळा विचारण्याआधी इअरफोन लावा. बोटाचा ठसाही आत अडकतो, म्हणजे पिन किंवा पासवर्ड टाइप करायची तयारी ठेवा. आणि बहुतेकांचं पॉवर बटणही आतच असतं, त्यामुळे पूर्ण बंद लॅपटॉप सुरू करायला सकाळी एकदा झाकण उघडावं लागतं. स्लीपमध्ये असेल तर कीबोर्डचं बटण दाबून बऱ्याचदा काम होतं.

आणि लाईट गेली तर? मॉनिटर काळा होतो, पण घाबरू नका. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, काम कुठे जात नाही. झाकण उघडा, सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर येतात. मॅक अशा वेळी झोपी जातो, पण उघडला की जिथे होता तिथेच जागा होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मॉनिटर आणि राउटर त्या लाइनवर घ्या.

आता ती शेवटी ठेवलेली गोष्ट

संध्याकाळचे सात वाजलेत. लॅपटॉप मिटलेलाच आहे. तुम्ही केबल काढता, लॅपटॉप बॅगेत टाकता, चेन लावता आणि निघता. दिसायला सगळं बरोबर. पण लॅपटॉप झोपलाय का?

बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर उत्तर आहे : नाही. 'ऑन बॅटरी'ला तुम्ही 'स्लीप' ठेवलंय, हे खरं. पण तो नियम झाकण मिटण्याच्या क्षणी बघितला जातो. झाकण तर सकाळीच मिटलं होतं, चार्जर लावलेला असताना, म्हणजे 'डू नथिंग'च्या वेळी. आता केबल काढली तरी झाकण नव्याने मिटलेलं नाही, म्हणून आदेशही नवा मिळत नाही. लॅपटॉप जागाच राहतो, बॅगेच्या फोममध्ये, वारा नाही, शेजारी जेवणाचा डबा. घरी पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली आणि लॅपटॉप हात लावता येणार नाही इतका गरम. आणि ज्यांनी दोन्हीकडे 'डू नथिंग' केलंय त्यांचा तर झाकण कितीही वेळा उघडून मिटलं तरी झोपणार नाही.

उपाय फुकट आहे. केबल काढायच्या आधी, मॉनिटर समोर असतानाच, स्टार्टमध्ये जाऊन 'शट डाऊन' किंवा 'हायबरनेट' करा. हायबरनेटमध्ये उघडलेलं सगळं काम डिस्कवर जपून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. मेनूत ते दिसत नसेल तर झाकणाचं सेटिंग जिथे केलं त्याच पानावर खाली त्याची चौकट असते. नुसत्या स्लीपवर प्रवास नको, कारण आजकालचे बरेच विंडोज लॅपटॉप स्लीपमध्येही अर्धवट जागे असतात. मग पंखा थांबला, लाईट विझली, हाताला थंड लागला, की बॅगेत.

मॅक चार्जर आणि मॉनिटर निघाले की साधारणपणे स्वतःच झोपतो. तरी ॲपलच्या चिन्हावर जाऊन 'स्लीप' म्हणायला दोन सेकंद लागतात.

टेबलावर झाकण बंद म्हणजे 'काम चालू' असं आपणच लॅपटॉपला शिकवलंय. त्यामुळे निघताना 'आता झोप' हेही आपल्यालाच सांगावं लागतं.

तुमच्या टेबलाचा फोटो आणि अडलेले प्रश्न नक्की पाठवा. लॅपटॉपचं मॉडेल आणि मॉनिटरचं पोर्ट लिहायला विसरू नका, त्याशिवाय उत्तर देता येत नाही. हा भाग ऑफिसच्या ग्रुपवर टाका, तिथे एक तरी लॅपटॉप रोज जागाच बॅगेतून घरी जात असेल. भेटू पुढच्या भागात!